राज्याचं राजकारण समजून घ्यायचंय? सुरुवात तालुक्यापासून करा

मतदार यादीत पहिल्यांदा नाव लागलेले तरुण असोत, की नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यातून येऊन इथं स्थिरावलेली माणसं, अडचण एकच असते. दिल्लीत काय चाललंय ते साधारण कळतं, गल्लीतलं तर कळतंच. मधलं मात्र उमगत नाही. मंत्रालयात आणि डिसेंबरात नागपूरला जे घडतं, त्याची खबर आपल्यापर्यंत येते ती अशी: कोण कुणाच्या बंगल्यावर गेलं, कोण नाराज आहे, कुणाचा फोन लागत नाही. आपल्या शाळेत शिक्षक का नाही आणि धरणाचं आवर्तन का लांबलं, याचा पत्ता त्यातून लागत नाही.

इथं मी महाराष्ट्र धरून लिहितो आहे. पद्धत गोव्यात, कर्नाटकात किंवा मध्य प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसालाही चालेल. माझा आग्रह एवढाच की नाराजीच्या बातम्या बाजूला ठेवून पैशाचा आणि आदेशाचा माग काढायला शिका. कुणाच्या सहीनं काम सुरू होतं आणि कुणाच्या सहीवाचून अडतं हे कळायला लागलं, की पक्ष, गट, पक्षांतर यांचाही अर्थ लागायला लागतो.

पहिली पायरी: प्रश्न कुणाच्या अखत्यारीतला?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत. पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्याकडे. शिक्षण १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्याकडे होतं, आता समवर्ती सूचीत आहे. या सूची पाठ करत बसू नका. एखादी रोजची वस्तू घ्या आणि तिच्यावर कुणाकुणाचा अधिकार चालतो ते लिहून काढा.

कांदा घ्या. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव होतो तो राज्याच्या कायद्यानं. समितीवर प्रशासक नेमायचा तर तो अधिकारही राज्याच्या सहकार व पणन खात्याचा. पण कांदा परदेशी जाऊ द्यायचा की नाही ते दिल्ली ठरवते, आणि ‘नाफेड’ या सहकारी खरेदी संस्थेची खरेदी होते ती केंद्राच्या योजनेतून. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं निर्यातबंदी लावली आणि ४ मे २०२४ ला उठवली, तीही निर्यातशुल्क ठेवून. नाशिक जिल्ह्यात लोकसभेचं मतदान २० मे ला होतं. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या उमेदवार पडल्या. सहा महिन्यांनी विधानसभेला मात्र त्याच जिल्ह्यातल्या बहुतेक जागा महायुतीनं, म्हणजे भाजप आणि त्याच्या मित्रपक्षांनी, घेतल्या. मधल्या काळात महिना १५०० रुपयांची लाडकी बहीण योजना आली होती, आणि ती राज्याची होती.

एवढ्याच कारणानं निकाल फिरला असं म्हणणं घाईचं होईल. पण राज्यभराचे आकडे बघा. लोकसभेच्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. त्याच वर्षीच्या विधानसभेत २८८ पैकी महायुतीला २३०. मतदार लोकसभेला एका सरकारचा हिशेब मांडतो आणि विधानसभेला दुसऱ्या. त्यामुळे एका निवडणुकीच्या निकालावरून दुसरीचं भाकीत करणाऱ्यांचं ऐकून घ्या, पण त्यावर पैज लावू नका.

तुमच्या भागातल्या प्रश्नासाठी वहीत तीन रकाने आखा: नियम कोण करतं, पैसा कोण देतं, काम कोण करतं. गावच्या जलजीवन मिशनच्या योजनेचं उदाहरण घेतलं तर नियम केंद्राचे, पैसा केंद्र आणि राज्याचा निम्मा-निम्मा, काम जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. टाकी अर्धवट राहिली की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. रकाने भरलेले असले तर नेमकं कुणाला विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असतं.

दुसरी पायरी: आपला मतदारसंघ बूथनिहाय वाचा

विधानसभेच्या सध्याच्या सीमा २००८ च्या पुनर्रचनेतल्या आहेत. एक मतदारसंघ दोन-तीन तालुक्यांत पसरलेला असू शकतो, म्हणून आधी आपलं गाव नेमकं कुठं पडतं ते पाहा. २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत.

मग मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून ‘नमुना २०’ उतरवून घ्या. हे अंतिम निकालपत्रक. प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते यात ओळीनं दिलेलं असतं. माझ्या मते नवख्या माणसाला याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. आपल्या केंद्राची ओळ शोधा, शेजारच्या गावाची शोधा, तालुक्याच्या शहरातल्या चार-पाच केंद्रांची शोधा. ‘अमुक गाव आमच्या मागं एकमुखानं उभं राहिलं’ असं भाषणात ऐकलेलं असेल तर ते खरं की नाही हे इथं दिसतं. २०१९ आणि २०२४ शेजारी ठेवून पाहिलं तर बंडखोर अपक्षानं कुणाची मतं खाल्ली त्याचाही अंदाज येतो. फक्त केंद्रांचे क्रमांक मधल्या काळात बदललेले असू शकतात. तुलना शाळेच्या किंवा गावाच्या नावावरून करा.

उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. लोक त्यातली एकूण संपत्ती बघतात आणि सोडून देतात. तुम्ही पुढं वाचा. कुठल्या संस्थेचे शेअर आहेत, कुठल्या बँकेचं कर्ज आहे, शेतजमीन कुठल्या गावात आहे, जोडीदाराच्या नावानं कुठला व्यवसाय आहे. पुढच्या पायरीला हेच धागे लागणार आहेत.

तिसरी पायरी: आमदाराच्या मागं कुठली संस्था उभी आहे?

पश्चिम महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागात आमदारकीचा पाया सहकारी संस्थांत असतो. प्रवरेचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला, तेव्हापासून कारखान्याच्या अध्यक्षाला विधानसभेची वाट जवळची झाली. सगळ्या संस्था एकदम समजत नाहीत. चार बघा: जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, साखर कारखाना, बाजार समिती, दूध संघ.

यातली जिल्हा बँक नीट समजून घ्या, कारण तिथलं राजकारण बाहेरच्याला दिसतच नाही. शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं ते गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत. सोसायटीला पैसा येतो जिल्हा बँकेकडून. बँकेच्या संचालकांची निवडणूक लागली की प्रत्येक सोसायटी ठराव करून एका माणसाला मतदानाचा अधिकार देते. ‘ठराव कुणाच्या नावानं झाला?’ हा प्रश्न त्या दिवसांत तालुक्यात तोंडातोंडी असतो. मतदार मोजकेच, म्हणून ते सांभाळता येतात, आणि प्रत्येकाच्या मागं एका गावाचा कर्जपुरवठा उभा असतो. विधानसभेला जो कार्यकर्ता तुमच्या दारात येतो, त्याचं नेत्याशी असलेलं नातं बऱ्याचदा या ठरावातून जुळलेलं असतं.

कारखान्याला गाळप परवाना लागतो, तो देतात पुण्याचे साखर आयुक्त, म्हणजे राज्य. कर्जाला शासनाची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर शासन भरेल अशी हमी, हवी असते, ती राज्याचं मंत्रिमंडळ देतं. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, मात्र केंद्र ठरवतं. एखादा कारखानदार नेता सत्तेतल्या पक्षात का गेला, याचं कारण विचारसरणीत शोधण्याआधी त्याच्या कारखान्याच्या थकहमीची फाईल कुठं आहे ते विचारा. प्रत्येक वेळी तेच कारण असेल असं नाही, पण विचारल्याशिवाय राहू नका. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं स्वतंत्र सहकार मंत्रालय काढलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं ९७व्या घटनादुरुस्तीतला राज्यातल्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, कारण त्याला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती. सहकार कुणाचा, ही ओढाताण अजून संपलेली नाही.

विदर्भात, कोकणात, मुंबईत हे चित्र वेगळं. मुंबईत कारखान्याच्या जागी पुनर्विकास, म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण येतं. आपल्या भागात रोजगार, कर्ज आणि जागा कुणाच्या हातात आहेत, हा प्रश्न सगळीकडं विचारता येतो.

चौथी पायरी: घोषणेपासून बिलापर्यंतचा जिना

नवख्या माणसाची फसगत सर्वांत जास्त इथं होते. मंत्री जाहीर सभेत म्हणतात, ‘तुमच्या पुलासाठी इतके कोटी मंजूर केले.’ टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी फलक लागतात. मंजूर म्हणजे नक्की काय झालं, हे मात्र कुणी सांगत नाही. खरा क्रम साधारण असा असतो: घोषणा, गरज असल्यास मंत्रिमंडळाचा निर्णय, अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, निधी वितरण आणि शेवटी ठेकेदाराचं बिल. पूल यातल्या कुठल्याही पायरीवर वर्षानुवर्षं थांबू शकतो.

हे तपासायचं साधन म्हणजे शासन निर्णय, सगळे ज्याला जीआर म्हणतात. ते राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेवार मिळतात. पहिला जीआर उघडला की भाषा बघून धीर सुटतो, पण त्याची रचना ठरलेली असते. वर विषय. खाली ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या जीआरची आणि पत्रांची यादी. ती सोडू नका, आख्खा इतिहास त्या यादीत असतो. मग ‘प्रस्तावना’, म्हणजे हा निर्णय का घेतला जातोय. मग ‘शासन निर्णय’, हा खरा गाभा. शेवटी वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक, संकेतांक, आणि ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली उपसचिवांची किंवा अवर सचिवांची स्वाक्षरी.

गाभ्यातलं क्रियापद बघा. ‘तत्त्वतः मान्यता’ असेल तर अजून पैशाचा पत्ता नाही. ‘प्रशासकीय मान्यता’ असेल तर काम कागदावर आलं. ‘निधी वितरित करण्यास मान्यता’ असेल तर पैसा निघाला. लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातल्या ज्या खात्यावर खर्च पडणार त्याचा क्रमांक, दिलेलं नसेल, तर खर्च कुठून होणार हे त्या कागदानं सांगितलेलंच नाही. ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ दिसली, सरकारी बोलीत सुप्रमा, तर जुन्या आणि नव्या रकमेतला फरक काढा. पाटबंधाऱ्याच्या प्रकल्पांचं राजकारण समजून घ्यायला ही वजाबाकी पुरते.

जिल्ह्याच्या पातळीवर पालकमंत्री महत्त्वाचा. राज्यघटनेत हे पद नाही, पण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तोच असतो आणि जिल्हा वार्षिक योजनेतली कामं तिथं ठरतात. म्हणून या पदासाठी खात्याइतकीच रस्सीखेच होते. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी निघाल्यावर लगेच रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली, ती याच ओढाताणीतून. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. त्यातून हायमास्ट, सभामंडप, पेव्हर ब्लॉक होतात. धरणं आणि महामार्ग होत नाहीत. आमदार मोठ्या कामाचं श्रेय घेत असेल, तर ते कुठल्या लेखाशीर्षातून झालं ते बघा.

महापालिका आणि जिल्हा परिषदांचंही इथंच सांगतो. ओबीसी आरक्षणासाठीच्या तीन अटींबाबत मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पुढं निवडणुका लांबत गेल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथं प्रशासक आला. राज्यातल्या बहुतेक संस्थांची तीच गत झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं निवडणुकांचा मार्ग मोकळा होईपर्यंत नगरसेवक आणि झेडपी सदस्य नव्हते, म्हणून गटाराच्या झाकणापासूनची कामं आमदार आणि मंत्र्यांकडे सरकली. लोकशाहीचा एक आख्खा मजला इतकी वर्षं रिकामा राहिला आणि त्याबद्दल पुरेसा संताप व्यक्त झाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पाचवी पायरी: अधिवेशन बघायला शिका

वर्षाला तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. नागपूरची प्रथा १९५३ च्या नागपूर करारातून आली. संयुक्त महाराष्ट्रात येताना विदर्भाला दिलेला तो शब्द होता.

थेट प्रक्षेपण सगळं बघू नका. प्रश्नोत्तरांचा तास आणि लक्षवेधी सूचना बघा. तारांकित प्रश्नांची छापील उत्तरं मिळाली तर आवर्जून वाचा. प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो: अमुक ठिकाणी अमुक झाले ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरात ‘हे खरे नाही’ आणि मग ‘प्रश्न उद्भवत नाही’ आलं तर सरकारनं दार लावून घेतलं. ‘अंशतः खरे आहे’ आलं तर ते उत्तर जपून ठेवा. सरकारनं लेखी कबूल केलेली गोष्ट असते ती, आणि गावातला कुठलाही अर्ज तिच्या आधारानं वजनदार होतो. आपल्या आमदारानं अधिवेशनात कुठले प्रश्न विचारले याचीही नोंद ठेवा. मंत्री झालेला आमदार प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो, म्हणून त्याला या मापानं मोजू नका.

पुरवणी मागण्या दर अधिवेशनात येतात. अर्थसंकल्पात न बसलेल्या किंवा नंतर सुचलेल्या खर्चासाठी त्या असतात. त्यांचा आकार वाढत गेला की मूळ अर्थसंकल्प किती गंभीरपणे मांडला होता ही शंका घ्यावी.

सहावी पायरी: आकडे, व्हीप आणि अध्यक्षांची खुर्ची

बहुमताचा आकडा १४५. मंत्री जास्तीत जास्त ४३, कारण २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. गोव्यात सभागृह ४० जणांचं. १५ टक्क्यांनी तिथं सहाच मंत्री झाले असते, पण लहान राज्यांसाठी ही मर्यादा किमान १२ ठेवली आहे. म्हणजे २१ आमदारांचं बहुमत असेल तर त्यातले निम्म्याहून जास्त मंत्री होऊ शकतात. गोव्यात सरकारं बनवण्या-मोडण्याचा खेळ वेगळा का चालतो, ते या एका आकड्यावरूनच पुष्कळसं कळतं.

पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ मध्ये आली. सुरुवातीला एक-तृतीयांश आमदारांनी फूट पाडली तर त्यांची आमदारकी वाचायची. २००३ मध्ये ती पळवाट बंद झाली आणि दोन-तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची तरतूद तेवढी उरली. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी भाजपचा रस्ता धरला तो हाच हिशेब करून.

महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये वेगळं घडलं. शिवसेनेतल्या एकनाथ शिंदे यांच्या गटानं विलीनीकरणाचा दावा केलाच नाही. खरा पक्ष आम्हीच, असं म्हटलं. तिथून तीन ठिकाणी तीन लढाया झाल्या, आणि त्या वेगवेगळ्या ओळखल्या नाहीत तर गोंधळ होतो. निवडणूक आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ११ मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद (मतदानाचा आदेश, म्हणजे व्हीप, काढणारा आमदार) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही; राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं; पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. राहुल नार्वेकर यांनी तो १० जानेवारी २०२४ ला दिला: शिंदे गट हीच खरी शिवसेना आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही. विधानसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं.

यातून नवख्यानं एक गोष्ट शिकावी. नवं सरकार आलं की मुख्यमंत्र्याच्या बरोबरीनं विधानसभेचा अध्यक्ष कोण होतो ते बघा. आमदारकी जाते की राहते हे ठरवणारी खुर्ची ती आहे, आणि तिथं बसणारा माणूस एका पक्षातूनच आलेला असतो. न्यायालयानं ‘वाजवी मुदतीत’ निर्णय घ्या म्हटलं, पण वाजवी म्हणजे किती हे कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही. अपात्रतेचा निवाडा स्वतंत्र लवादाकडे जायला हवा असं माझं ठाम मत आहे.

राज्यपालांवरही लक्ष ठेवा, विशेषतः ते काय करत नाहीत यावर. विधान परिषदेवर १२ सदस्य राज्यपालनियुक्त असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं पाठवलेली नावं २०२२ मध्ये सरकार जाईपर्यंत राजभवनातच राहिली. दक्षिणेत तमिळनाडूत विधेयकंच अडकली होती आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. याउलट घाईचं उदाहरण २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचं. राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळीच देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. न्यायालयानं २६ तारखेला आदेश दिला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत उघड मतदानानं आणि थेट प्रक्षेपणात बहुमत सिद्ध करा. राजीनामे त्याच दिवशी आले. बहुमत राजभवनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंच सांगून ठेवलं होतं.

सातवी पायरी: पक्षाच्या आतले प्रदेश ओळखा

पाण्यावर हे लवकर कळतं. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात १५ ऑक्टोबरला पाणीसाठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. त्या दिवसांत एकाच पक्षाचे आमदार दोन बाजूंना उभे असतात. नगरचा एक बोलतो, संभाजीनगरचा दुसरं. पक्षाचा झेंडा तेवढ्यापुरता घडी करून ठेवलेला असतो.

विदर्भ आणि मराठवाड्याच्या अनुशेषाची, म्हणजे मागं राहिलेल्या विकासाची, भाषाही शिकून घ्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) प्रमाणे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मंडळं होण्याआधी दांडेकर समितीनं अनुशेष मोजला होता, नंतर २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. नागपूर अधिवेशनातली अर्धी भाषणं या कागदांवर उभी असतात.

मराठा आरक्षणाचा क्रम तारखांसह लिहून ठेवा, कारण त्यात राज्य, केंद्र आणि न्यायालय तिघंही येतात: २०१८ चा राज्याचा कायदा, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द करणं, फेब्रुवारी २०२४ चा १० टक्क्यांचा नवा कायदा, आणि या सगळ्याच्या मागं १९९२ पासूनची ५० टक्क्यांची मर्यादा. भाषणात कुणी म्हणालं की ‘आम्ही एका दिवसात देऊ’, तर या क्रमातली नेमकी कुठली अडचण ते दूर करणार हे विचारा.

दिल्लीचा पैसा आणि शेजारचं राज्य

हे थोडक्यात. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला आणि कराचे दर ठरवण्याची राज्याची मुभा बरीचशी जीएसटी परिषदेकडे गेली. परिषदेत केंद्राचं मत एक-तृतीयांश वजनाचं, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि ठरावाला तीन-चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राला एकट्यानं ठराव करता येत नाही, अडवता मात्र येतो. राज्याच्या स्वतःच्या हातात मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, वाहन कर एवढं उरलं. मुद्रांकाच्या सवलती आणि दारूचे परवाने यांच्या बातम्या म्हणून महत्त्वाच्या.

पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटपयोग्य केंद्रीय करांचे ४१ टक्के राज्यांना दिले. त्यातला सुमारे १८ टक्के वाटा उत्तर प्रदेशाचा, १० टक्के बिहारचा आणि ६.३ टक्के महाराष्ट्राचा. त्या सूत्रात ४५ टक्के वजन राज्याच्या दरडोई उत्पन्नातल्या मागासपणाला होतं, म्हणून असं. यात अन्याय आहे म्हणणारे आहेत. मला स्वतःला गरीब राज्याला जास्त मिळण्यात गैर वाटत नाही. खटकतं ते केंद्र जो उपकर लावतं तो वाटपात येतच नाही, हे.

शेजारी राज्यांच्या राजकारणावर नजर असू द्या. महिलांच्या खात्यात थेट पैसे टाकण्याची योजना २०२१ मध्ये बंगालात, २०२३ मध्ये मध्य प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडूत आणि मग २०२४ मध्ये आपल्याकडे आली. उलट प्रवासही झालेला आहे: महाराष्ट्राचा १९७७ चा रोजगार हमी कायदा पुढं २००५ च्या देशव्यापी कायद्याचा आधार ठरला. बेळगावचा प्रश्न १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानंतर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि सांगली-कोल्हापूरला पूर आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची पुन्हा ऐरणीवर येते. दोन्हीकडं एकाच पक्षाचं सरकार असलं तरी हे प्रश्न सुटत नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता कामाला लागा

एकच प्रश्न निवडा. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, एखादा पूल, एखादी पाणी योजना. वर सांगितलेले रकाने भरा, जीआर शोधा, आणि साखळी जिथं तुटते तिथं माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘काम का झाले नाही’ असं विचारू नका. कारण सांगायला जन माहिती अधिकारी बांधलेला नाही, कागद द्यायला आहे. प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत, कार्यारंभ आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि आजवर अदा झालेल्या बिलांचा तपशील मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, आणि तिथंही काही झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. पोच घेतल्याशिवाय अर्ज हातावेगळा करू नका.